जागेला सोडचिठ्ठी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नोटीस म्हटली की चाळीत वाढलेल्या मुंबईकराच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. दारात पोस्टमन, हातात रजिस्टर पाकीट आणि आत वकिली भाषेतला मजकूर : अमुक दिवसांत जागा खाली करा. नोटीस मालकाने द्यायची आणि भाडेकरूने घ्यायची, असाच आपला समज. कायद्याने मात्र हा दरवाजा पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी उघडा ठेवला आहे. भाडेकरूही मालकाला कळवू शकतो की मी चाललो, तुमची जागा तुम्ही ताब्यात घ्या. हा हक्क मुंबईत दोनेक पिढ्या अडगळीत पडला होता. तो का पडला आणि परत कसा आला, ते पाहण्यासारखे आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२चा. मुंबई इलाख्याला तो लागू झाला १ जानेवारी १८९३पासून. त्याचे १०६वे कलम सांगते की, वेगळा करार नसेल तर राहती जागा महिनेवारी भाड्याची समजावी आणि कोणत्याही बाजूने पंधरा दिवसांच्या नोटिशीने व्यवहार संपवावा. शेतीला किंवा कारखान्याला घेतलेल्या जागेसाठी मुदत सहा महिन्यांची. नोटीस लेखी हवी, सही हवी. ती पोस्टाने पाठवावी, हातात द्यावी, नाहीतर घरातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे सोपवावी. तेही जमले नाही तर जागेवरच ठळक दिसेल अशी डकवावी. इतका बारीक विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता!

मेख होती ती एका अटीत. नोटिशीची मुदत भाड्याचा महिना संपतानाच संपायला हवी. भाडे एक तारखेपासून चालू असेल आणि कोणी दहा तारखेला नोटीस देऊन पंचवीसला संबंध संपला म्हणेल, तर ती नोटीस रद्दी. या एका दिवसाच्या हिशेबावर वर्षानुवर्षे खटले चालले. वकील मंडळींचे त्यात नुकसान झाले नसावे! अखेर ३१ डिसेंबर २००२पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही अट गेली.

पण ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द विसरून चालत नाही. तीन वर्षांचा करार केला आणि मधेच सोडण्याची सोय त्यात ठेवली नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस उपयोगाची नाही. कायदा इथे किती कठोर होऊ शकतो, याचे एक उदाहरण फाळणीच्या काळातले आहे. पंजाबात एकाने शेतजमीन खंडाने घेतली होती. दंगली उसळल्या, जमीन पाकिस्तानात गेली, त्याला इकडे यावे लागले. भरलेला खंड त्याने परत मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८ साली न्यायालयाने नकार दिला. जमीन एकदा भाडेपट्ट्याने दिली की पुढची आपत्ती घेणाऱ्याच्या माथी, असा त्याचा अर्थ. मला स्वतःला हा निकाल फार जड वाटतो.

आता मुंबईकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती आणि १६० चौरस फुटांच्या खोल्या. आज नवल वाटेल, पण सुरुवातीची काही वर्षे यांतल्या कितीतरी खोल्या भाडेकरूंअभावी रिकाम्या होत्या. शहरात जागा रिकाम्या असतात, तेव्हाच भाडेकरूच्या ‘मी चाललो’ या शब्दाला वजन असते.

दुसऱ्या महायुद्धाने हे वजन गेले. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधले. महागाई चढत गेली, भाडे तिथेच राहिले. अशी खोली नोटीस देऊन फुकट सोडणारा वेडाच म्हणायचा. सोडायची तर पागडी घेऊन. खरे तर जागा सोडण्यासाठी पैसे घेणे याच कायद्याच्या १९व्या कलमाने भाडेकरूला मना केले होते. पण मनाई पुस्तकात राहिली आणि नोटांची पुडकी हातोहात फिरली, मालकाच्या वाट्यासकट. पुढे १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, भाडे कायद्याखाली घर खाली करून घेताना मालकालाही १०६ कलमाची नोटीस देण्याची गरज नाही. म्हणजे नोटिशीचे जुने शस्त्र दोन्ही बाजूंनी म्यानात गेले.

मालकांनी दुसरी वाट शोधली होती : लिव्ह अँड लायसन्स. जागा भाड्याने दिलीच नाही, फक्त वापरायची परवानगी दिली, असे म्हणायचे. सरकारने १९७३मध्ये त्यावरही घाव घातला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा असा करार चालू होता, ते राहणारे भाडेकरू ठरले. धास्तावलेले मालक फ्लॅटला कुलूप लावून बसले. ३१ मार्च २००० रोजी नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला, तेव्हा चित्र पालटले. त्याने पागडी कायदेशीर केली आणि लायसन्सची मुदत संपल्यावर जागा लवकर परत मिळण्याची सोय मालकाला दिली. हे करार लेखी आणि नोंदणी केलेले असणे सक्तीचे झाले, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर.

कुलपे निघाली आणि त्याबरोबर राहणाऱ्याची नोटीसही परत आली. मात्र आता ती कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, करारातल्या कलमातून येते. बहुधा एक महिन्याची असते. तिच्या शेजारीच ‘लॉक-इन’ नावाचा पाहुणा बसलेला असतो : इतके महिने जागा सोडायची नाही, सोडलीत तर उरलेले भाडे भरा. नोकरी बदललेल्या, आजारी आईसाठी गावी परतावे लागलेल्या माणसाची डिपॉझिटची रक्कम इथे अडकते. अशा वेळी १८७२च्या करार कायद्याचे ७४वे कलम माहीत असावे. करारात लिहिलेली भरपाई ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्येच सांगितले आहे. मालकाला पुढच्याच आठवड्यात नवा माणूस मिळाला असेल, तर सहा महिन्यांचे भाडे कशाबद्दल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

केंद्राने २०२१मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नको आणि ज्या दिवशी जागेचा ताबा घेतला त्याच दिवशी देणे वजा करून ते परत द्यावे, असे त्यात म्हटले आहे. राज्य स्वीकारील तिथेच तो लागू होतो. तोवर किल्ली देताना तारीख घालून मालकाची सही घ्यावी आणि तो कागद डिपॉझिट हाती पडेपर्यंत जपून ठेवावा.