रूळ उखडल्यानंतरची वाट

मराठीत 'वाट' आणि 'रस्ता' हे शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांची कुळे निराळी आहेत. वाट पडते, मळते, मोडते. रस्ता बांधला जातो, रुंद केला जातो, त्यासाठी जमिनी संपादित होतात. वाटेमागे माणसांची पावले असतात, रस्त्यामागे सत्ता असते. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात ग्रोन नदीच्या खोऱ्यातून भाड्याच्या सायकलींवर जाताना हा भेद आम्हां दोघांना वारंवार आठवला, कारण चाकांखालची गोष्ट यांपैकी कोणत्याच कुळात बसेना. फ्रेंच लोक तिला 'वुआ व्हेर्त', म्हणजे 'हिरवी वाट', म्हणतात. ती पावलांनी पडलेली नाही; अभियंत्यांनी मोजूनमापून बांधलेली आहे. मात्र ज्याच्यासाठी ती बांधली, ते वाहन तिच्यावरून केव्हाच नाहीसे झाले आहे.

झिव्री ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची वाट सोन-ए-ल्वार जिल्ह्यात १९९७ साली खुली झाली. फ्रान्समधील पहिली 'वुआ व्हेर्त' म्हणून तिचा उल्लेख होतो. झिव्री आणि ब्युक्सी या गावांलगतचे द्राक्षमळे, पुढे सँ-झाँगू, मग ग्रोनच्या कुरणांत चरणारी पांढरी शारोले गुरे, कोर्मातँचा सतराव्या शतकातला वाडा, तेझेची टेकडी आणि शेवटी क्लुनी असा तिचा क्रम आहे. मोटारीला तिच्यावर मज्जाव. अशा वाटांना फ्रान्सच्या वाहतूक नियमांत स्वतंत्र स्थान मिळाले ते २००४ साली. पादचारी, घोडेस्वार आणि बिनइंजिनाची वाहने यांच्यापुरता राखलेला मार्ग, अशी तिची व्याख्या करण्यात आली. भोवती डोंगर असूनही चढ म्हणून जाणवत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, चढ पाहून खाली उतरणाऱ्या आमच्यासारख्या सायकलस्वारांना हे निसर्गाचे औदार्य वाटले असते. पण ते निसर्गाचे नव्हे, वाफेच्या इंजिनाचे देणे आहे. इंजिनाला तीव्र चढ सोसत नाही. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी उंचवटे कापले, सखल जागी भराव घातले, वळणे सैल ठेवली. चालोन ते क्लुनी या जुन्या लोहमार्गाची ही दीडशे वर्षांमागची मेहनत आज सायकलस्वाराच्या गुडघ्यांना लाभते आहे.

या लोहमार्गांमागे एक राजकीय स्वप्न होते. १८७९ साली सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने सुमारे ८,८०० किलोमीटरच्या नव्या मार्गांची यादी तयार केली. नवजात प्रजासत्ताकाला खेड्यांपर्यंत पोहोचायचे होते. शाळा, टपाल आणि रेल्वे ही त्याची तीन रूपे होती. राजेशाहीच्या काळात 'सँ-झाँगू-ल-रवायाल' म्हणवणारे या खोऱ्यातले गाव प्रजासत्ताकात 'ल-नास्योनाल' झाले, यातच त्या काळाचा सूर ऐकू येतो. स्थानकाचे घड्याळ हे गावातले प्रजासत्ताकाचे घड्याळ होते.

याच सुमारास सायकलही आपला इतिहास घडवीत होती. १८६९ साली पॅरिस ते रुआँ ही लांब पल्ल्याची शर्यत झाली. १८९० साली सायकलस्वारांनी 'तूरिंग क्लब द फ्रान्स' ही संस्था स्थापन केली. चांगले रस्ते, दिशादर्शक फलक, प्रवाशाला परवडणाऱ्या खानावळी यांसाठी ती झटली. १८९३ साली सरकारने सायकलीवर वर्षाला दहा फ्रँकचा कर बसवला, यावरून सायकल तेव्हा चैनीची वस्तू मानली जात होती हे उघड आहे. त्या चैनीच्या वस्तूला कष्टकऱ्याचे वाहन व्हायला फार वेळ लागला नाही.

पण इतिहासाचा उपरोध असा, की सायकलस्वारांनी मागून घेतलेल्या रस्त्यांवर पुढे मोटार आली. मिशेलिन बंधूंनी १८९१ साली सायकलीसाठी काढता-घालता येणारे हवेचे टायर तयार केले आणि १९०० साली मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. नऊ वर्षांचेच हे अंतर आहे. 'तूरिंग क्लब'ही हळूहळू मोटारवाल्यांकडे झुकला आणि १९८३ साली विसर्जित झाला. सेंतएत्येनचे पॉल द व्हिव्ही ऊर्फ 'व्हेलोसिओ' यांचे उदाहरण तर चटका लावणारे आहे. 'ल सिक्लिस्त' या नियतकालिकातून त्यांनी आयुष्यभर सायकलभ्रमंतीचा पुरस्कार केला. गिअर बदलता येणाऱ्या सायकली लोक हसण्यावारी नेत असताना त्या स्वतः चालवून दाखवल्या. तूर द फ्रान्स शर्यतीत अशा गिअरांना परवानगी मिळाली ती १९३७ साली. ते पाहायला व्हेलोसिओ उरले नव्हते. हजारो किलोमीटर डोंगर पालथे घातलेला हा माणूस १९३० साली आपल्याच शहरात ट्रामची धडक बसून गेला. रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षापर्यंत बहुधा ठरून गेले होते.

तरीही सायकलीचे दिवस संपले नव्हते. १९३६ साली लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. कारखान्यातली जोडपी सायकलींना तंबू बांधून प्रथमच समुद्र आणि डोंगर पाहायला निघाली. पुढे चारच वर्षांत तीच सायकल निराळ्या कामी आली. १९४० साली रॉजर शुत्झ हे पंचविशीतले स्विस धर्मशास्त्राचे अभ्यासक जीनिव्हाहून सायकलवर निघाले आणि या खोऱ्यातल्या तेझे गावात पोहोचले. जर्मनव्याप्त फ्रान्सची सीमारेषा तिथून दूर नव्हती. तिथे घेतलेल्या घरात त्यांनी ज्यूंसह अनेक निर्वासितांना आसरा दिला. आज जगभरचे तरुण ज्या तेझे बंधुसंघाकडे येतात, त्याचा आरंभ त्या घरात झाला. क्लुनीने तर १४ फेब्रुवारी १९४४ रोजी जर्मनांची मोठी धरपकड सोसली. अनेकांना छळछावण्यांत पाठवण्यात आले. मोटारींपासून मुक्त अशा या प्रसन्न वाटेवरून जाताना हे खोरे नेहमीच शांत होते असा समज होतो. तो खरा नाही.

युद्धानंतर शांतता आली, पण तिच्याबरोबर ओसाडीही आली. रेल्वे कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन १९३८ साली राष्ट्रीय रेल्वे अस्तित्वात आली होती. तोट्यातले ग्रामीण मार्ग बंद करून प्रवाशांना बसगाड्यांकडे वळवण्याचे धोरण तेव्हापासूनच सुरू झाले. पुढच्या दशकांत माणसे शहरांकडे गेली, मागे राहिलेल्यांनी मोटारी घेतल्या आणि खोऱ्यातली रेल्वे बंद पडली. रेल्वे या भागातून पूर्णपणे गेली असेही नाही. १९८१ साली पॅरिस-लियॉन अतिवेगवान मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला, तो क्लुनीजवळूनच जातो. ती गाडी क्लुनीला थांबत नाही. पूर्वीची रेल्वे खोऱ्यासाठी होती. आताची खोऱ्यावरून जाते.

आता क्लुनीकडे वळू, कारण आमच्या मते या वाटेचा खरा अर्थ तिथे उलगडतो. इ. स. ९१० मध्ये स्थापन झालेल्या इथल्या मठाचे तिसरे चर्च १०८८ मध्ये बांधायला घेतले गेले. रोममधले आजचे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातले ते सर्वांत मोठे चर्च होते. राज्यक्रांतीनंतर मठाची मालमत्ता राष्ट्राची झाली आणि १७९८ साली ती व्यापाऱ्यांना विकली गेली. त्यांनी चर्चच्या मधोमध रस्ता काढला आणि दगड विकायला सुरुवात केली. पंचवीसएक वर्षांत ती वास्तू जवळजवळ नाहीशी झाली. आज एक भुजा, काही मनोरे आणि रिकाम्या जागेची लांबी एवढेच शिल्लक आहे.

म्हणजे एकाच गावात दोन अवशेष आहेत, एक धर्मयुगाचा आणि दुसरा वाफेच्या युगाचा. पहिला तुकड्यातुकड्यांनी विकला गेला म्हणून त्याला दुसरा जन्म मिळाला नाही. दुसऱ्याचे रूळ निघाले, तरी चव्वेचाळीस किलोमीटरचा पट्टा सलग राहिला आणि जिल्हा परिषदेने त्यावर वाट घडवली. मधला एखादा किलोमीटर जरी कोणाच्या कुंपणात गेला असता, तरी तो पट्टा वाट म्हणून निरुपयोगी ठरला असता. जुन्या गोष्टीचा उपयोग संपला की ती मोडीत काढायची, हा व्यवहार आपल्याला शहाणपणाचा वाटतो. सलगता ही मात्र अशी संपत्ती आहे, जी एका पिढीने विकली तर पुढच्या दहा पिढ्यांना परत घेता येत नाही. क्लुनीत हे दोन्ही निर्णय शेजारीशेजारी पाहायला मिळतात.

परंतु या वाटेचा निव्वळ गौरव करणे आम्हांला अवघड जाते. सायकलस्वाराला निर्वेध मार्ग मिळाला, हे खरे. पण तो मिळाला कारण गावकऱ्याची गाडी गेली. जी म्हातारी बाजारासाठी रेल्वेने चालोनला जाऊ शकली असती, ती चव्वेचाळीस किलोमीटर सायकल चालवणार नाही. शिवाय सायकलीला तिची स्वतंत्र वाट देण्यात एक मूक कबुलीही आहे: मूळ रस्ता मोटारीचा झाला, तो आता परत मिळणार नाही. व्हेलोसिओंना सगळे रस्ते हवे होते. वारसांना एक सुंदर पट्टा मिळाला.

वाटेवर जागोजागी गावरस्ते आडवे येतात. तिथे अजून फाटकवाल्यांची छोटी घरे उभी आहेत. काहींच्या खिडक्यांत फुलझाडे आहेत. एके काळी या ठिकाणी फाटक पडत असे आणि गाडी जाईपर्यंत रस्ता थांबे. आता फाटक नाही. दांड्यांच्या अडसरापाशी आम्ही सायकलींवरून उतरलो, दोन्ही बाजूंना पाहिले, आणि एक मोटार निघून जाईपर्यंत उभे राहिलो.