मालमोटारींचे अपघात व मेंदूच्या आघातजन्य इजा

मालमोटारींचे अपघात व मेंदूच्या आघातजन्य इजा : माल वाहून नेणाऱ्या अवजड वाहनांच्या अपघातांत मोटारीतील प्रवासी, दुचाकीस्वार, पादचारी किंवा खुद्द मालमोटारीचा चालक यांच्या मेंदूस बाह्य यांत्रिक बलामुळे ज्या इजा होतात, त्यांचा येथे ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. कवटी फुटल्यामुळे मेंदूस इजा होते हे पूर्वापार माहीत होते. कवटी शाबूत असूनही मेंदू आतून कसा विस्कटतो, हे मात्र विसाव्या शतकात अधिक स्पष्ट झाले. या इजेचे स्वरूप १९४० नंतरच्या दोन दशकांत बरेचसे उलगडले. मालमोटारीची रचना आणि चालकाचे कामाचे तास यांविषयीच्या नियमांत ते ज्ञान उतरण्यास मात्र बराच काळ लागला. ज्ञान व नियम यांमधील हे अंतर हाच या इतिहासाचा मुख्य विषय होय.

पार्श्वभूमी : जर्मन अभियंते गोटलीप डाइमलर यांनी १८९६ मध्ये पहिली मालमोटार तयार केली. पहिल्या महायुद्धात सैन्याची रसद वाहण्यासाठी मालमोटारींचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला व युद्धोत्तर काळात रेल्वेच्या जोडीने मालवाहतुकीचे ते एक प्रमुख साधन बनले. त्यामुळे अतिशय भिन्न वजनांची वाहने एकाच रस्त्यावरून धावू लागली. याचा परिणाम साध्या गणिताने स्पष्ट होतो. २४ टन वजनाची भरलेली मालमोटार आणि १·२ टन वजनाची मोटारगाडी या दोन्ही ताशी ६० किमी. वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार मोटारगाडीच्या वेगात ताशी सु. ११४ किमी. इतका, तर मालमोटारीच्या वेगात ताशी सु. ६ किमी. इतकाच फरक पडतो. म्हणजे आघाताचा जवळजवळ सर्व भार हलक्या वाहनातील माणसांवर पडतो. दुचाकीस्वार व पादचारी यांच्या बाबतीत ही विषमता याहूनही मोठी असते.

इजेच्या स्वरूपाचे ज्ञान : टी. ई. लॉरेन्स यांना मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलचा अपघात झाला आणि डोक्याच्या इजेमुळे सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मज्जाशल्यचिकित्सक ह्यू केर्न्झ (१८९६–१९५२) हे होते. या घटनेनंतर केर्न्झ यांनी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या इजांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. शिरस्त्राणाच्या उपयुक्ततेविषयीचा त्यांचा निबंध १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने कामावर असलेल्या दुचाकीस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. ब्रिटनमधील सामान्य नागरिकांना ही सक्ती लागू होण्यास मात्र १९७३ साल उजाडले.

ऑक्सफर्ड येथे केर्न्झ यांच्या समवेत काम करणारे भौतिकीविज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांनी १९४३ मध्ये एक मूलगामी उपपत्ती मांडली. मेंदूचा ऊतक दाबला जाण्यास फार विरोध करतो, परंतु त्याचे थर एकमेकांवरून सरकविण्यास अल्प बल पुरते. त्यामुळे डोक्यास एकाएकी हिसका बसून ते गरकन फिरले, म्हणजे मेंदूत कर्तन-ताण उत्पन्न होतात व खरी हानी त्यांमुळे होते, असे त्यांनी सरसाच्या प्रतिकृतींवरील प्रयोगांवरून दाखविले. सबिना स्ट्रिच यांच्या १९५६ मधील संशोधनाने या उपपत्तीस शरीरविकृतिविज्ञानाचा आधार मिळाला. अपघातानंतर तीव्र मानसिक ऱ्हास होऊन कालांतराने मृत्यू पावलेल्या, परंतु कवटी न फुटलेल्या रुग्णांच्या मेंदूंत श्वेत द्रव्यातील तंतूंचा विस्तृत नाश झालेला त्यांना आढळला. टॉमस जेनरेली व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये माकडांवरील प्रयोगांत, डोके कोठेही न आदळता केवळ कोनीय प्रवेगाने, अशी इजा घडवून दाखविली. तिला विसरित अक्षतंतू इजा असे म्हणतात. वेगवान वाहनांच्या अपघातांत दीर्घकाळ टिकणाऱ्या बेशुद्धीचे हे एक प्रमुख कारण आहे.

मालमोटारीची रचना : मालमोटारीच्या हौद्याची खालची कड सामान्यतः मोटारगाडीच्या बॉनेटहून उंच असते. त्यामुळे मागून येणारी गाडी तिच्यावर आदळली, तर बॉनेट हौद्याखाली शिरते आणि हौद्याची कड थेट समोरच्या काचेतून आत येते. गाडीचा पुढील भाग चुरगळून ऊर्जा शोषून घेण्याची योजना अशा वेळी निरुपयोगी ठरते व पहिला आघात प्रवाशांच्या डोक्यावर होतो. हा धोका ओळखून अमेरिकेत १९५३ मध्ये मालमोटारींच्या मागे संरक्षक आडपट्टी बसविण्याचा नियम करण्यात आला. मात्र ही पट्टी जमिनीपासून ७६ सेंमी. पर्यंत उंच ठेवण्यास मुभा होती आणि तिच्या मजबुतीची कसोटी घेण्याची तरतूद नव्हती.

चित्रपट अभिनेत्री जेन मॅन्सफील्ड यांची गाडी २९ जून १९६७ रोजी पहाटे न्यू ऑर्लीन्सजवळ एका ट्रेलरखाली शिरली. पुढच्या आसनावरील तिघेही प्रौढ मृत्यू पावले, तर मागच्या आसनावरील तीन मुले बचावली. या आडपट्टीस पुढे अमेरिकेत लोकव्यवहारात मॅन्सफील्ड यांचेच नाव मिळाले. परंतु या अपघातानंतर लगेच कडक नियम झाला, ही प्रचलित समजूत चुकीची आहे. पट्टीची उंची ५६ सेंमी. पर्यंत खाली आणणारा व मजबुतीची कसोटी ठरविणारा नियम १९९६ मध्ये मंजूर होऊन १९९८ मध्ये अंमलात आला. त्यातील कसोट्या २०२२ मध्ये अधिक कडक करण्यात आल्या. यूरोपीय आर्थिक समुदायाने मागील संरक्षणाविषयीचे निर्देश १९७० मध्ये, तर पुढच्या व मागच्या चाकांमधील मोकळ्या जागेत सायकलस्वार वा पादचारी ओढला जाऊ नये म्हणून बाजूच्या संरक्षणाविषयीचे निर्देश १९८९ मध्ये काढले.

चालकाची थकावट : अपघाताचे दुसरे मूळ चालकाच्या अपुऱ्या झोपेत आहे. अमेरिकेत १९३५ च्या मोटार वाहतूक अधिनियमान्वये, त्या दशकाच्या अखेरीस, व्यापारी वाहनचालकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली. तथापि केवळ तासांचा हिशेब पुरेसा नसतो, हे न्यू जर्सीमधील ७ जून २०१४ च्या अपघाताने दिसून आले. विनोदी अभिनेते ट्रेसी मॉर्गन यांच्या वाहनास मागून एका मालमोटारीने धडक दिली. त्यांच्या मेंदूस गंभीर इजा झाली व त्यांचे सहकारी जेम्स मॅक्नेअर यांचा मृत्यू झाला. ताशी सु. ७२ किमी. वेगमर्यादेच्या टप्प्यात मालमोटार ताशी सु. १०५ किमी. वेगाने धावत होती आणि चालक २८ तासांहून अधिक काळ जागा होता, असे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले. कामावर रुजू होण्यापूर्वी त्याने घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत सु. बारा तास स्वतःची गाडी चालविली होती. हे तास मालवाहतुकीच्या हिशेबात येत नव्हते. भारतात १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसास ८ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु खेपेवर मोबदला मिळविणाऱ्या चालकाच्या दृष्टीने विश्रांती म्हणजे बुडालेली मिळकत असते. त्यामुळे अशा मर्यादा पुष्कळदा कागदावरच राहतात.

उपचारांतील प्रगती : ग्रॅहॅम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगो येथे बेशुद्धीची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. डोळे उघडणे, बोलणे व अवयवांची हालचाल या तीन प्रतिसादांवरून तीत ३ ते १५ असे गुण देतात. गावातील दवाखान्यातील डॉक्टर आणि शहरातील शल्यचिकित्सक यांना त्यामुळे रुग्णाच्या स्थितीविषयी एकाच भाषेत बोलता येऊ लागले. गॉडफ्री हौन्सफील्ड (१९१९–२००४) यांच्या सीटी स्कॅन यंत्राचा रुग्णावर पहिला वापर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला. कवटीखाली साचलेले रक्त शस्त्रक्रियेपूर्वीच पाहता येऊ लागल्याने ते वेळीच काढणे शक्य झाले. भारतात जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे मज्जाशल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग सुरू केला होता.

तुटलेले अक्षतंतू जोडणारा उपचार मात्र अद्याप सापडलेला नाही. प्राणवायूची उणीव, रक्तदाब घसरणे व कवटीतील दाब वाढणे यांमुळे होणारी दुय्यम हानी टाळणे एवढेच वैद्यकाच्या हाती असते. बचावलेल्या रुग्णांपैकी अनेकांना विस्मरण, चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, अपस्मार यांचा त्रास वर्षानुवर्षे होतो. बाहेरून धडधाकट दिसणारा हा माणूस पूर्वीचे काम करू शकत नाही आणि त्याच्या स्वभावातील पालट घरच्या माणसांनाही उमगत नाही. मृतांची संख्या अहवालात नोंदली जाते. या कुटुंबांची झीज कोठेच नोंदली जात नाही.

भारतातील परिस्थिती : केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. दुचाकींची मोठी संख्या व त्याच रस्त्यांवरील अवजड वाहतूक यांमुळे येथे डोक्याच्या इजांचा प्रश्न अधिक बिकट आहे. मागील व बाजूच्या संरक्षक पट्ट्यांसाठी भारतीय मानके ठरविण्यात आली आहेत. तरीही वाकलेली वा काढून टाकलेली पट्टी, चिखलाने झाकलेले परावर्तक, हौद्याबाहेर आलेल्या सळया आणि रात्री दिव्याविना रस्त्याकडेला उभी केलेली नादुरुस्त मालमोटार ही दृश्ये महामार्गांवर अपरिचित नाहीत. जखमीस मदत करणाऱ्यास पोलीस व न्यायालयाचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूत्रांना बंधनकारक स्वरूप दिले व २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमात त्यास वैधानिक आधार मिळाला. जखमींवर रोख रकमेविना उपचार करण्याची योजना २०२५ मध्ये अधिसूचित झाली. मोठ्या मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन असण्याची अट २०२५ मध्ये नव्या वाहनांना लागू करण्यात आली. चालकाची थकावट कमी करणे हा तिचा हेतू आहे.

या सर्व घडामोडींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मेंदूची इजा एकदा झाल्यावर तीत दुरुस्तीला फारच थोडा वाव असतो. म्हणून तिचा खरा उपचार अपघातापूर्वीच करावा लागतो. योग्य उंचीवर घट्ट बसविलेली लोखंडी पट्टी, चालकाला मिळालेली पुरेशी झोप, स्वाराच्या डोक्यावर बांधलेले शिरस्त्राण आणि उभ्या वाहनामागील दिवा ही या उपचाराची साधी साधने होत. ती दीर्घकाळापासून ज्ञात आहेत. उणीव आहे ती त्यांच्या कसोशीने होणाऱ्या अंमलबजावणीची.