‘थर्टी’ (अडेल) : प्रकाशनपूर्व वाटचाल

इंग्लिश पॉप गायिका अडेल (जन्म ५ मे १९८८, टॉटनम, लंडन) हिच्या ‘थर्टी’ या चौथ्या स्टुडिओ अल्बमच्या प्रकाशनाआधीचा कालखंड. हा अल्बम कोलंबिया रेकर्ड्सने १९ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रकाशित केला. आधीच्या अल्बमनंतर त्याला सहा वर्षे लागली. प्रसिद्धी मात्र जेमतेम सात आठवडे चालली. तेवढ्या काळात अल्बममधले एकच गाणे सुटे प्रकाशित झाले. बाकीची अकरा गाणी अल्बमसोबतच आली. श्रोत्याने अल्बम सलग आणि पूर्ण ऐकावा, हा आग्रह या वाटचालीत आरंभापासून दिसतो.

पार्श्वभूमी : अडेलच्या अल्बमांना तिच्या वयाचे आकडे आहेत : ‘नाइन्टीन’ (२००८), ‘ट्वेन्टी-वन’ (२०११) आणि ‘ट्वेन्टी-फाइव्ह’ (२०१५). कमी बोलून उत्सुकता वाढवण्याची तिची पद्धत तिसऱ्या अल्बमच्या वेळीच पक्की झाली होती. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ब्रिटनमध्ये ‘द एक्स फॅक्टर’ या कार्यक्रमाच्या मध्यंतरात अर्ध्या मिनिटाची जाहिरात लागली. काळा पडदा, त्यावर गाण्याचे शब्द आणि मागे आवाज. गायिकेचे नाव कुठेच नव्हते. ते गाणे ‘हॅलो’ होते. पुढे त्या अल्बमच्या अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात सुमारे ३३.८ लाख प्रती खपल्या.

‘थर्टी’ची गाणी अडेलच्या मोडलेल्या संसारातून आली. २०१९ मध्ये ती पतीपासून विभक्त झाली आणि २०२१ मध्ये घटस्फोट पूर्ण झाला. आपण हा संसार का मोडला, हे मुलाला मोठेपणी कळावे म्हणून हा अल्बम केल्याचे तिने मुलाखतींत सांगितले. ‘माय लिट्ल लव्ह’ या गाण्यात मायलेकांच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रणच वापरले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये एका मैत्रिणीच्या लग्नसमारंभात तिने अल्बम सप्टेंबरमध्ये येईल असे जाहीर करून टाकले होते. पण कोविडच्या साथीमुळे बेत पुढे गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे सूत्रसंचालन करताना, अल्बम अजून पुरा झालेला नाही, असे तिने प्रेक्षकांना सांगितले.

संकेत आणि घोषणा : १ ऑक्टोबर २०२१ पासून जगातील अनेक शहरांत इमारतींवर व जाहिरातफलकांवर ‘३०’ हा आकडा झळकू लागला. सोबत नाव किंवा तारीख नव्हती; चाहत्यांना त्याची गरजही पडली नाही. ५ ऑक्टोबरला कृष्णधवल चित्रफितीचा तुकडा आला. त्यात अडेल गाडीत बसून टेपमध्ये कॅसेट सरकवते आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून स्वरलिपीचे कागद वाऱ्यावर उडत जातात. ७ ऑक्टोबरला ‘व्होग’च्या ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांनी एकाच वेळी, पण स्वतंत्र मुलाखती व छायाचित्रांसह, तिला मुखपृष्ठावर घेतले. १३ ऑक्टोबरला तिने अल्बमचे मुखपृष्ठ, प्रकाशनाची तारीख आणि चाहत्यांसाठी लिहिलेले पत्र जाहीर केले.

‘ईझी ऑन मी’ : हे एकमेव पूर्वप्रकाशित गाणे १५ ऑक्टोबरला लंडनच्या मध्यरात्री प्रकाशित झाले. भारतात तेव्हा दसऱ्याची पहाट होती, तर न्यूयॉर्कमध्ये गुरुवारच्या संध्याकाळचे सात वाजले होते. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या क्रमवारीचा आठवडा गुरुवारी रात्री संपत असल्याने गाण्याच्या वाट्याला आधीच्या आठवड्याचे फक्त पाच तास आले. तेवढ्यावर ते ‘हॉट १००’ यादीत ६८ वे आले आणि पुढच्याच आठवड्यात पहिले. चित्रफितीचे दिग्दर्शन कॅनडाच्या झाव्हिए दोलानचे आहे. ‘हॅलो’च्या चित्रफितीतल्याच घरातून अडेल बाहेर पडते आणि कृष्णधवल चित्र शेवटाकडे रंगीत होते. सहा वर्षांचे अंतर त्याने एकाही निवेदनाशिवाय दाखवले.

तबकड्यांची तयारी : विनाइल तबकड्या छापायला काही महिने लागतात, त्यामुळे गाणी आणि त्यांचा क्रम खूप आधी पक्का करावा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना आगीत जळाला. मूळ तबकडी कोरण्यासाठी लागणाऱ्या लॅकर चकत्या बनवणारे जगात तेव्हा दोनच कारखाने होते. त्यांपैकी हा एक. साथीच्या काळात तबकड्यांची मागणीही वाढली होती. अशा स्थितीत ‘थर्टी’च्या पाच लाखांहून अधिक तबकड्या काढल्याचे वृत्त आले आणि इतर कलावंतांच्या तबकड्या रखडण्याची चर्चा झाली. बड्या नावाच्या मागणीचा भार छोट्या कलावंतांवर पडतो, ही तक्रार रास्त होती आणि ती या प्रकाशनाच्या इतिहासात नोंदलीच पाहिजे.

दूरचित्रवाणी आणि प्रकाशन : १४ नोव्हेंबरला अमेरिकेत सीबीएस वाहिनीने ‘अडेल वन नाइट ओन्ली’ दाखवला. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेसमोरची मैफल आणि ओप्रा विनफ्रीने घेतलेली मुलाखत, असे त्याचे स्वरूप होते. काही नवी गाणी श्रोत्यांनी प्रथम तिथेच ऐकली. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ८,३९,००० एककांची, तर ब्रिटनमध्ये सुमारे २,६१,००० प्रतींची नोंद झाली. दोन्ही आकड्यांत ऑनलाइन ऐकण्याचाही हिशेब धरलेला आहे.

महत्त्व : प्रकाशनानंतर दोन दिवसांतच स्पॉटिफायने अल्बमांच्या पानांवरील गाणी उलटसुलट वाजवणारे मुख्य बटण हटवले. ही विनंती आपली होती, असे अडेलने सांगितले. कलावंत गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावतो, अशी तिची भूमिका होती. सुट्या गाण्यांच्या काळात बारा गाण्यांना एकसंध कलाकृतीचा मान मिळवून देणे, हे या वाटचालीचे खरे यश आहे. विक्रीचे आकडे मागे पडतील. गाण्यांचा क्रम हाही रचनेचा भाग आहे, हे तत्त्व मात्र प्रत्येक नव्या अल्बमला उपयोगी पडेल.