वकीलसाहेबांचं गाणं

दिवसा मी पुण्यात कोड लिहितो. रात्री जे लिहितो त्याला माझी आई ‘ते तुझं फिल्मी’ म्हणते. मराठी रॅप, जुन्या जाहिरातींची गाणी, ओटीटीवरच्या मालिका, कुठल्या सिनेमात एसटी कशी दाखवलीय, असं काहीही. गेल्या चार वर्षांत मी फ्रीलान्स म्हणून साठ-सत्तर लेख लिहिले असतील. त्यात कोरियाच्या बँडवर तीन आहेत आणि मेहकरवर एकही नाही. मी मेहकरचा आहे.

ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी ‘लोणारजवळ’ असं सांगून मोकळा होतो. उल्का पडली ती जागा लोकांना माहीत असते. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर माणसंही राहतात, हे पुढे समजावत बसायचा कंटाळा येतो.

मागच्या दिवाळीच्या सुमारास मी ‘आजही ऐकावीत अशी जुनी मराठी गाणी’ छापाचा एक लेख लिहिला. अशा लेखांना वाचक मिळतात आणि पैसे वेळेवर येतात, एवढंच त्यामागचं कारण. त्यात मी ‘शीळ’ घेतलं होतं. मराठीतलं पहिलं भावगीत म्हणून ज्या रेकॉर्डकडे अनेक जण बोट दाखवतात, ती ही. मी लिहिलं होतं, ‘जी. एन. जोशींचं शीळ’. माहिती गाण्याच्या ॲपवरून उचलली होती, आणि तिथं गायकाचं नाव दिसत होतं.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजोबांना लेख मोबाइलवर मोठा करून दाखवला. आजोबा मेहकरच्या कोर्टाबाहेर अर्जनवीस होते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. वाचताना ते आधी तळाची सही बघतात, मग मजकूर. त्यांनी ‘शीळ’पर्यंत वाचलं आणि थांबले.

“गानाऱ्याचं नाव लिवलं. लिवनाऱ्याचं कुठी हाये?”

“आजोबा, ते ॲपवर…”

“आपल्या वकीलसाहेबाचं गानं हाये ते. न्यायाधीशापुढं असा अर्ज नेला असता तं फेकून देला असता त्यानं.”

वकीलसाहेब म्हणजे नागोराव घनश्याम देशपांडे. मराठी कवितेत ते ना. घ. देशपांडे आहेत. जन्म १९०९, बुलढाणा जिल्ह्यातलाच. बी.ए., एलएल.बी. करून त्यांनी मेहकरात वकिली थाटली. हे मी शाळेत ऐकलं होतं. ‘आपल्या गावचे थोर कवी’ या सदरात, म्हणजे ज्या सदरात ऐकलेलं पेपर संपताच विसरायचं असतं. ज्या गाण्यावर मी सहाशे रुपये कमावले, ते माझ्याच गावच्या वकिलाने लिहिलेलं होतं, आणि ते मला कोर्टाच्या पायरीवर बसणाऱ्या माणसाकडून कळलं.

मग मी नीट शोधायला बसलो.

‘शीळ’ची रेकॉर्ड १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची. तो काळ डोळ्यांपुढे आणा. ‘आलम आरा’ १९३१ चा, ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. पडदा नुकताच बोलायला लागलेला. मुंबईत रेडिओ केंद्र १९२७ साली सुरू झालेलं. पण मराठी माणसाला गाणं म्हणजे अजून नाटकाचं पद. नाट्यगृहात मायक्रोफोन नाही, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर छातीतून गायला लागे. त्या पद्धतीत पल्लेदार ताना जमतात, कुजबुज जमत नाही.

रेकॉर्डिंगचंही आधी तसंच होतं. १९२५ च्या आधी गाणारा एका कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहायचा आणि त्याच्या आवाजाच्या दाबानेच मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. हळू गायलं तर रेघच उमटत नसे. मग विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं, मायक्रोफोन आला, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं गाणं पहिल्यांदा शक्य झालं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी याच यंत्रामुळे मोठा झाला. आपल्याकडे भावगीत आलं. कविता मंडळींसमोर चालीवर म्हणायची पद्धत रविकिरण मंडळाच्या कवींनी आधीच रुळवली होती, ते श्रेय त्यांचंच. पण ती समोरच्या बैठकीपुरती होती. तबकडीवरची कविता कवी नसलेल्या घरातही वाजू लागली.

दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. बैठकीतल्या गवयांना याचा फार त्रास झाला. राग मांडायलाच अर्धा तास घेणाऱ्याने तीन मिनिटांत काय करायचं? कवितेला मात्र तीन मिनिटं पुरतात. रील्समुळे गाण्यांची वाट लागली असं जे आपण म्हणतो, ते म्हणताना मला आता ती तबकडी आठवते. फॉरमॅट आधी येतो, त्यात नेमकी बसणारी गोष्ट कुणाकडे तरी आधीच लिहून तयार असते.

ती मेहकरच्या बाजूला लिहून तयार होती. रानातून कुणाची तरी शीळ येते आणि ती ऐकणाऱ्या मुलीचा जीव थाऱ्यावर राहत नाही, एवढाच ‘शीळ’चा विषय. ती आपल्या मैत्रिणीला सांगावं तसं सांगते, जात्यावर बसलेल्या बायका सांगत तसं. त्यात ना देव, ना राष्ट्र, ना उपदेश. पैनगंगेच्या काठाने थोडं वर गेलात तर कळेल, आमच्याकडचं रान घनदाट वगैरे नाही. खुरटं, पानगळीचं, उन्हाळ्यात करपणारं. अशा रानात शीळ लांब जाते, मध्ये अडवायला फारसं काही नसतं. कविता वाचताना मला हे पटलं. समीक्षकांनी काय म्हटलंय ते त्यांच्यापाशी.

गाणारे गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, हेही कायदा शिकलेले. त्यांनी कविता घेतली, चाल लावली, गायली आणि ती घरोघर गेली. पुढे १९३८ मध्ये ते एचएमव्हीत दाखल झाले आणि वकिली कायमची मागे पडली. पुढची काही दशकं देशातले मोठमोठे गायक-वादक त्यांनी रेकॉर्ड केले. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम तुमच्यापैकी अनेकांनी झोप येत नाही म्हणून लावला असेल. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. त्याचे निर्माते जी. एन. जोशी. काश्मीरच्या दरीतला एका मेंढपाळाचा दिवस, अशी त्याची कल्पना आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी ज्याने रानातली शीळ गायली, त्यानेच दरीतली हाक रेकॉर्ड केली. योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो.

दोन वकील, एक गाणं. एकाने काळा कोट काढला आणि मुंबई गाठली. दुसऱ्याने कोट अंगात ठेवला आणि मेहकर सोडलं नाही.

मेहकर न सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. खामगावला कापसासाठी १८७० साली रेल्वे आली. तिथून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या मेहकरला ती आजही आलेली नाही. आता जवळून समृद्धी महामार्ग जातो, त्यावरून नागपूर-मुंबईच्या गाड्या आम्हाला न बघता जातात. १९३० नंतरचं मेहकर तर विचारूच नका. त्या गावातून निघालेलं गाणं मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात वाजत होतं आणि ते लिहिणारा माणूस इथं बांधाच्या भांडणांचे कागद वाचत होता.

सगळ्यात जास्त मी थबकलो ते एका सालापाशी. ‘शीळ’ याच नावाचा ना. घं.चा पहिला कवितासंग्रह आला १९५४ साली. म्हणजे रेकॉर्ड वाजायला लागली त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळाने. तोवर ते पंचेचाळिशीत पोचले होते. तोपर्यंत किती लोकांच्या तोंडी ही ओळ बसली असेल आणि त्यातल्या किती जणांना कवीचं नाव ठाऊक असेल? पुस्तकावर कवीचं नाव असतंच. कानाने पसरलेल्या गाण्यावर ते चिकटून राहील याची खात्री नसते. माझ्या लेखातून ते गळालं, ते काही पहिल्यांदा नसणार.

गाण्याच्या धंद्यात नावाचा हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी रेकॉर्डिंग केलं आणि गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं. ऐकलं नसेल तर शोधून ऐका, अंगावर काटा येतो. त्यात ऐट आहे, पण मुळात ती एक तांत्रिक सोय होती. तबकड्या तेव्हा जर्मनीत छापल्या जात. कलकत्त्यात रेकॉर्डचा कारखाना १९०८ साली निघाला. हिंदुस्थानी गाणं कशाशी खातात हे न कळणाऱ्या तिथल्या कामगारांना लेबल कुठलं लावायचं ते कळावं म्हणून नाव सांगायचं. माझ्या भाषेत सांगायचं तर गौहर जान यांनी मेटाडेटा फाइलच्या आतच टाकून दिला होता. कवी स्टुडिओत नसतो. त्याने ओरडून नाव सांगायचं कुठं?

हे आजोबांना सांगत होतो तर ते म्हणाले, “मंग कंचनीचं काय?”

मेहकरला कंचनीचा महाल आहे. महाल कसला, पडझड झालेल्या भिंती. लहानपणी आम्ही तिथं लपाछपी खेळायचो आणि संध्याकाळ झाली की आपोआप परतायचो. गावात गोष्ट सांगतात ती अशी: कंचनी नावाची नाचणारी होती. लोणारच्या देवीचा दिवा आपल्या माडीवरून दिसावा म्हणून ती मजल्यावर मजले चढवत गेली. दिवा दिसला आणि देवीच्या कोपाने तिचा दगड झाला. गोष्ट सांगणारी प्रत्येक आजी मजल्यांचा आकडा आपल्या मनाने सांगते.

आता गंमत बघा. ‘कंचनी’ हे बाईचं नाव नाहीच. मुघल काळात नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांच्या एका वर्गालाच कंचनी म्हणत. बर्निए नावाचा फ्रेंच प्रवासी सतराव्या शतकात दिल्लीत होता, त्याने त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय: शाहजहान त्यांना महालात बोलवत असे, औरंगजेबाने ते बंद केलं, दर बुधवारी दरबारात येऊन त्यांनी लांबूनच सलाम करायचा. आणि मेहकर काही तेव्हा आडगाव नव्हतं. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे, त्यात मेहकरचं स्वतंत्र सरकार आहे. जिथं अंमलदार, तिथं फौज, तिथं मैफल. तेव्हा अशी एखादी बाई इथं राहिली असणं अगदीच अशक्य नाही. ती आमच्या गावची पहिली स्टार म्हणायला हवी. तिचं आमच्याकडे फक्त डेझिग्नेशन उरलंय, नाव नाही. उद्या माझ्या पडक्या फ्लॅटला लोकांनी ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरचा महाल’ म्हणावं, तसं झालं हे.

ना. घं.नी तिला मात्र सोडलं नाही. १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यानंतर नव्वदच्या दशकात, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांचं जे पुस्तक आलं त्याचं नाव ‘कंचनीचा महाल’. रोज कोर्टात जाता-येता ज्या भिंतींची कुजबुज कानावर पडायची, त्यांच्याकडे ते शेवटी वळले. साल २००० मध्ये ते गेले. मी तेव्हा बालवाडीतही नव्हतो.

मी समजत होतो की एक असतं पॉप कल्चर, ते मुंबईत किंवा सोलमध्ये तयार होतं. आणि दुसरं असतं गाव, तिथं वाय-फाय नीट चालत नाही. माझ्या साठ-सत्तर लेखांचा पायाच हा होता. आता त्यातले निम्मे तरी परत उघडून बघावे लागतील, कुठल्या गावाचं नाव कुठं गळालंय ते.

सध्या एवढंच केलं: ज्या साइटवर तो लेख होता त्यांना दुरुस्ती पाठवली. ॲपवरही ‘माहिती सुचवा’ असं एक बटण सापडलं, त्यात कवीचं नाव भरून पाठवलं. तिकडून ‘आपली सूचना मिळाली’ असा आपोआप येणारा मेल आला, त्याला आता सात आठवडे झाले. लेखात मात्र दुसऱ्या दिवशी बदल झाला. आजोबांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांचा फोन लगेच आला.

“नाव बराबर हाये. गाव कावून नाही टाकलं?”

“गाणं लिहिणाऱ्याचं गाव कुणी टाकत नाही हो, आजोबा.”

“अर्जावर टाका लागते,” ते म्हणाले. “नाव, वय, धंदा, राहनार.”

मी पुन्हा मेल लिहायला घेतला.