पोर्तुगालची सहल : ऊन भरपूर, पण समुद्र गोव्याचा नव्हे

पोर्तुगाल दक्षिण युरोपात असला तरी त्याला भूमध्य समुद्राचा किनारा नाही. पश्चिमेला आणि दक्षिणेला जे पाणी दिसतं ते सगळं अटलांटिक महासागराचं. सहल ठरवताना आपल्याकडच्या लोकांची पहिली चूक इथेच होते. ऊन गोव्यासारखं म्हणजे पाणीही तसंच असणार, असं ते धरून चालतात.

उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर उत्तरेकडून जोराचे वारे वाहतात. ते वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतात आणि तळातलं गार पाणी वर येतं. त्यामुळे लिस्बनच्या आसपास ऐन ऑगस्टमध्येही पाणी १७ ते १९ अंशांच्या घरात असतं. दक्षिणेचा अल्गार्व्ह प्रांत थोडा उबदार, २१-२२ अंशांपर्यंत. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी फिरायला जावं, पोहायची फार आशा धरू नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पावसाळा असताना अल्गार्व्ह जवळपास कोरडा असतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि खोल्यांचे दर दोन्ही चढलेले असतात. सप्टेंबर सगळ्यांत सोयीचा.

किनाऱ्यावरचे बावटे मात्र नीट पाहावेत. हिरवा असेल तर पोहता येतं. पिवळा असेल तर पोहायचं नाही, काठाला पाय भिजवायला हरकत नाही. लाल म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा बावटा म्हणजे जीवरक्षक तेवढ्यापुरता जागेवर नाही. लहानपणापासून समुद्र पाहिलेला माणूसही ओढीच्या प्रवाहात फसतो, आणि गार पाण्यात हातपाय लवकर आखडतात. मदतीसाठी ११२ नंबर.

दुसरा धोका डोक्यावरचा. अल्गार्व्हचे पिवळसर कडे फोटोत सुंदर दिसतात, पण ते ठिसूळ आहेत. ऑगस्ट २००९ मध्ये अल्बुफेराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच जण गेले. कड्याच्या सावलीत चादर पसरून बसायचा मोह टाळावा. इशाऱ्याच्या पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत. बेनागिलच्या प्रसिद्ध गुहेत पोहत जायला आणि आतल्या वाळूवर उतरायला २०२४ पासून बंदी आहे. ती बोटीतूनच पाहायची.

व्हिसा शेंगेनचा लागतो, तोही आधी काढून. तिथे उतरल्यावर मिळत नाही. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी उशिरात उशिरा १५ दिवस आधी. प्रौढांना फी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. अर्ज नाकारला तर फी परत नाही, म्हणून व्हिसा हातात येण्याआधी रद्द न होणारी तिकिटं काढणं म्हणजे जुगारच. किमान ३० हजार युरोचा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे. दोन-तीन देश फिरायचे असतील तर जिथे जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या नोंदीचा विषय पूर्ण निराळा. पर्यटन व्हिसाशी त्याची गल्लत करू नये.

लिस्बन ते फारो रेल्वेने साधारण तीन तास लागतात. लिस्बनमध्ये बेलेंचा जेरोनिमुश मठ चुकवू नये. १४९८ मध्ये कालिकतला पोहोचलेल्या आणि १५२४ मध्ये कोचीत वारलेल्या वास्को द गामाची कबर तिथे आहे. गर्दीच्या २८ नंबरच्या ट्राममध्ये पाकीट सांभाळावं.

शाकाहारी लोकांची थोडी पंचाईत होते. काल्दु व्हेर्द हे हिरव्या पानांचं सूप साधं वाटतं, पण त्यात बहुतेक वेळा डुकराच्या सॉसेजची चकती असते. पश्तेल द नाता या गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो. ऑर्डर देताना मांस नको, मासे नकोत, दोन्ही वेगवेगळं सांगावं.

पाव, बटाटा, काजू, अननस, चावी हे आपल्या तोंडातले शब्द मूळचे तिकडचे. त्यातला पाव हॉटेलात बसताच न मागता टेबलावर येतो, सोबत ऑलिव्ह आणि चीज. ते फुकट नसतं, खाल्लं की बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगावं. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या वस्तूचे पैसे तिथल्या कायद्याने घेता येत नाहीत.