न पाहिलेल्या आईचा वारसा

कावळ्याने भरवून वाढवलेला कोकीळ वयात आला की कोकिळाचीच तान घेतो. पालनकर्त्यांनी ती त्याला शिकवलेली नसते. मग उपजत किती आणि संगोपनातून आलेले किती? एरवी हा हिशेब जुळत नाही, कारण आईबाप पिल्लाला जनुकेही देतात आणि घासही. दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या वीणपरजीवी पक्ष्यांमध्ये मात्र निसर्गानेच या दोहोंची फारकत केली आहे. आपल्याकडचे पावशा आणि चातकही याच पंथातले. त्यांची पिल्ले सातभाई वाढवतात.

या विषयाला मोठा इतिहास आहे. देवीच्या लशीमुळे ओळखल्या जाणाऱ्या एडवर्ड जेन्नरने 1788 मध्ये लिहिले की, युरोपातील कुकू या वीणपरजीवी पक्ष्याचे नुकतेच जन्मलेले पिल्लू यजमानाची, म्हणजे घरट्याच्या मूळ मालकाची, अंडी आणि पिल्ले पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटते. डोळेही न उघडलेल्या जिवाला हे शिकायला अवसरच नसतो.

त्याहून गुंतागुंतीचे कोडे अंड्यांचे. युरोपातील कुकूच्या माद्यांच्या वेगवेगळ्या शाखा आहेत. प्रत्येक शाखा ठरावीक यजमान निवडते आणि बहुधा त्याच्यासारखीच अंडी घालते. नर मात्र शाखेचे बंधन पाळत नाहीत. तरीही रंगांची सरमिसळ का होत नाही? पक्ष्यांमध्ये डब्ल्यू गुणसूत्र केवळ आईकडून लेकीकडे जाते. रंगाची जनुके त्यावरच असावीत, असा तर्क रेजिनाल्ड पनेट यांनी 1933 मध्ये मांडला. सन 2000 मधील अभ्यासात आईकडूनच येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए शाखाशाखांत वेगळा आढळला. पेशीकेंद्रातील डीएनएत तसा भेद दिसला नाही. झांबियातील कुकू-फिंच या वीणपरजीवी पक्ष्याच्या अंड्यांची नक्कलही आईकडूनच येते, हे क्लेअर स्पॉटिसवुड आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये दाखवले. या वारशाची किंमतही आहे: वडिलांकडून नवे रंग मिळत नाहीत, त्यामुळे यजमानाने अंड्याचा रंग बदलला की नक्कल मागे पडू शकते.

अंड्याचा रंग मोजता येतो. स्वभाव मोजणे अवघड. एखादा पक्षी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रसंगी सातत्याने धीट किंवा बिचकणारा राहिला, तरच त्याला स्वभाव म्हणायचे. नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट या पक्ष्यातल्या, नव्या जागेचा शोध घेणाऱ्या चपळ शोधकांच्या आपापसांत आणि सावध शोधकांच्या आपापसांत जोड्या जुळवल्या, तेव्हा चार पिढ्यांतच दोन्ही गटांतले अंतर वाढले. म्हणजे स्वभावही अंशतः आनुवंशिक असतो. यजमानांनाही स्वभाव असतात. धीट यजमान घुसखोरावर तुटून पडतो, तर भित्रा गप्प बसतो.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. पिल्लाचे घरटे आईच निवडते. म्हणून रीड वॉर्बलरकडे वाढलेला कुकू आणि पिपिटकडे वाढलेला कुकू यांच्या वागण्यात फरक दिसला, तर तो घरट्याचा की आईच्या शाखेचा, हे नुसत्या निरीक्षणाने सांगता येणार नाही. त्यासाठी अंडी अदलाबदल करून पाहावी लागतील, प्रत्येक पिल्लाचा डीएनए तपासावा लागेल आणि तोच पक्षी पुन्हा पुन्हा पारखावा लागेल. पुढील प्रकरणे वाचताना प्रत्येक निष्कर्षाला याच कसोटीवर घासून पाहावे.