कस्तूर (टर्डिडी कुल)

गाणाऱ्या पक्ष्यांच्या पॅसेरिफॉर्मीस गणातील एक कुल. यात पावणेदोनशेच्या आसपास जाती आहेत. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत हे पक्षी आढळतात. न्यूझीलंडमध्ये मात्र ते एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी नेऊन सोडले. बहुतेक जाती मैनेएवढ्या, भरल्या अंगाच्या आणि मजबूत पायांच्या असतात. पिल्लांचे अंग ठिपकेदार असते.

झाडावर गायचे आणि जमिनीवर पोट भरायचे, हा बहुतेकांचा शिरस्ता. महाराष्ट्रात तो पाहायला नारिंगी डोक्याचा कस्तूर (जिओकिक्ला सिट्रिना) सर्वांत सोयीचा. कर्नाळ्याच्या किंवा बोरिवलीच्या जंगलात दाट सावलीत हा पक्षी सापडतो. डोके व पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, पांढऱ्या गालावर दोन उभे काळपट पट्टे. चार उड्या मारून तो थबकतो, मान कलती करतो, मग चोचीने वाळके पान झटक्यासरशी बाजूला भिरकावतो. खालून गांडूळ, अळी किंवा गोगलगाय निघते. उंबरासारखी फळेही कस्तूर खातात आणि त्यांच्या बिया रानभर पसरवतात. युरोपातला गाणारा कस्तूर गोगलगायीचा शंख ठरावीक दगडावर आपटून फोडतो. त्या दगडाभोवती कवचांचा खच पडतो.

घरटे वाटीसारखे, मुळ्या, शेवाळ व बऱ्याचदा चिखल वापरून केलेले. अंडी बहुधा निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. ती सुमारे दोन आठवड्यांत उबतात. काळा कस्तूर (टर्डस सिमिलिमस) महाबळेश्वर-माथेरानच्या डोंगरमाथ्यावर पावसाळ्यात वीण करतो आणि धुक्यातही भान हरपून गातो. इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही त्याला साधते. पक्ष्यांच्या स्वरयंत्राला दोन बाजू असतात आणि त्या स्वतंत्रपणे चालू शकतात. अमेरिकेतला वनकस्तूर त्यामुळे एकाच वेळी दोन स्वर काढतो.

सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी पहाटे माणसासारखी शीळ घालणारा निळा-काळा शीळकरी कस्तूर (मायोफोनस हॉर्सफिल्डी) मात्र आता या कुलात नाही. व्हिगर्स यांनी 1831 मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे दीर्घकाळ तो कस्तुरांत गणला गेला. डीएनएच्या अभ्यासानंतर तो, दयाळ आणि चिरक यांना माशीमार पक्ष्यांच्या मस्किकॅपिडी कुलात हलवले गेले. जुनी पक्षिपुस्तके वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा.

कस्तुराचे अन्न पाचोळ्यात असते. वणव्यात पाचोळा जळाला की त्याखालचे किडे-गांडूळही जातात आणि कस्तूर उपाशी राहतो. या पक्ष्याच्या संरक्षणाचा विचार झाडांपुरता थांबतो, ही मोठीच उणीव आहे. देवराईत, फार्महाऊसवर किंवा सोसायटीच्या बागेत पडलेली पाने झाडून पेटवू नयेत. ती झाडाखालीच कुजू द्यावीत.